मी सुखरूप आहे

गेल्या सहामाही परीक्षेत नववीच्या वर्गास 'माझे वडील' हा निबंधाचा विषय मी दिला होता. एका मुलाने अवघ्या चार ओळी लिहिल्या: वडील दुबईस असतात, दरमहा पैसे पाठवितात, दोन वर्षांनी एकदा येतात, तेथे ते काय काम करतात हे मला ठाऊक नाही. गुण द्यावयास घेतलेली लेखणी माझ्या हातात बराच वेळ तशीच राहिली. कारण लहानपणी मजलाही ह्याहून एक ओळ अधिक लिहिता आली नसती.

माझे वडील गवंडी होते. जांभ्याचा चिरा त्यांच्या हातून असा बसे की सांध्यात नखही शिरू नये. परंतु संगमेश्वर तालुक्यातील आमच्या गावी बांधावयाची घरे थोडी आणि बांधणारे हात पुष्कळ. म्हणून १९८६ साली ते कुवेतला गेले. दरमहा त्यांचे निळे, पातळ पत्र येई. त्याचा आरंभ ठरलेला असे: 'मी सुखरूप आहे.' आई चुलीपाशी बसून ऐके व मी ते मोठ्याने वाचून दाखवी. आपणास वाचता येते ह्याचा मला कोण अभिमान! एकदा त्यांनी पाठविलेल्या पेटीत मी मागितलेले मनगटी घड्याळ निघाले नाही. मी दोन दिवस रुसलो आणि उत्तरात तसे लिहूनही कळविले. पुढच्या खेपेस घड्याळ आले.

२ ऑगस्ट १९९० रोजी इराकी सैन्य कुवेतमध्ये शिरले आणि पत्रे बंद पडली. बाहेर पाऊस कोसळत होता. रात्रीच्या प्रार्थनेत आई बाबांचे नाव घेई आणि तेथेच तिचा आवाज थांबे. त्या वेळी भारत सरकारने दीड लाखाहून अधिक भारतीयांस मायदेशी आणले. बहुतेकजण इराकमार्गे जॉर्डनची राजधानी अम्मान येथे पोहोचले व तेथून विमानाने मुंबईस उतरले. बाबा त्यांपैकीच एक. सप्टेंबरच्या अखेरीस एका सायंकाळी ते एस. टी. तून उतरले, तेव्हा हातात एक कापडी पिशवी होती. तीत दोन सदरे, एक ओळंबा आणि आम्ही धाडलेली सर्व पत्रे होती. माझे घड्याळाचे पत्रही त्यांत होते.

त्यानंतर थोडे थोडे करून त्यांचे तेथील जीवन आम्हांस कळले. एका खोलीत आठ माणसे, एकावर एक रचलेल्या खाटा, पाळीपाळीने स्वयंपाक. त्यांच्या शेजारच्या खाटेवर पंजाबातील होशियारपूर जिल्ह्याचा एक सुतार होता. बाबा त्याला सरदारजी म्हणत. त्याने बाबांस रोट्या भाजावयास शिकविले आणि बाबांनी त्याला कोकणी कालवण खावयास लाविले. मुंबईत एका दलालाने पुढे केलेल्या इंग्रजी-अरबी कागदावर बाबांनी सही केली होती. ते चौथी शिकलेले. कागदात काय आहे ते त्यांस कोणी वाचून दाखविले नाही. तिसऱ्या महिन्यात सरदारजीने तो वाचला, तेव्हा कळले की त्यात 'गवंडी' नसून 'मजूर' लिहिले आहे आणि पगार बोलीपेक्षा एक तृतीयांशाने कमी आहे. पासपोर्ट तर मालकाच्या कपाटात. दलालासाठी काढलेले कर्ज फेडण्यातच दीड वर्ष गेले. माझ्या घड्याळासाठी त्यांनी चार शुक्रवारची सुट्टी सोडली होती, हे त्यांनी हसत सांगितले. मला मात्र हसू आले नाही. इतके सारे असता प्रत्येक पत्र 'मी सुखरूप आहे' असेच सुरू होत असे! मी अक्षरे वाचीत होतो. पत्र वाचीत नव्हतो.

परदेशची मजुरी कोकणास नवी नाही. १८३४ पासून १९२० पर्यंत सुमारे साडेचार लाख भारतीय मजूर मॉरिशसच्या बेटावर उतरले. त्यांत मुंबई बंदरातून गेलेले रत्नागिरी जिल्ह्याचे लोकही होते. त्यांचे वंशज आजही तेथे मराठी म्हणून ओळखले जातात. पोर्ट लुई येथील ज्या पायऱ्या चढून मजूर बेटावर गेले, तो आप्रवासी घाट २००६ साली जागतिक वारसा ठरला. उसाच्या मळ्यात एक दिवस गैरहजर राहिल्यास दोन दिवसांची मजुरी कापीत. करारावरील अक्षर ज्यास वाचता येत नसे, त्याने हे कोणास विचारावे?

आता एक गोष्ट ध्यानात घ्या. १९८३ च्या कायद्याखाली, दहावी न झालेल्या माणसास आखाती देशांत नोकरीसाठी जावयाचे असल्यास सरकारी परवानगी घ्यावी लागते आणि त्यासाठी त्याचा करार पाहिला जातो. दहावी उत्तीर्ण झालेल्यास ही अट नाही. अनेकांस ही केवळ सवलत वाटते. परंतु तिच्यात एक गृहीत आहे: दहावी झालेला मनुष्य आपले हित स्वतः पाहू शकतो, आपला कागद स्वतः वाचू शकतो. हे गृहीत खरे आहे काय? शाळेचा दाखला घेऊन जाताना प्रत्येकाने आपल्या मनास हा प्रश्न विचारावा, आणि आम्हां शिक्षकांनीही तो स्वतःस विचारावा.

त्या मुलाचा कागद मी गुण न देता परत केला. आज पत्रांची वाट पाहावी लागत नाही. भ्रमणध्वनीवर वडिलांचे मुख दिसते. परंतु त्या चौकटीत त्यांची खोली दिसत नाही. मी त्याला सांगितले, वडिलांस तीन गोष्टी विचार: आपण किती वाजता उठता? एका खोलीत किती जण राहता? आपल्या करारात काय लिहिले आहे? आठ दिवसांनी त्याने तीन पाने लिहून आणली. त्यांतील मजकूर येथे सांगण्याचा मला अधिकार नाही. इतकेच सांगतो की ती पाने देताना तो माझ्याकडे पाहत नव्हता, आणि दुसऱ्या दिवशी इंग्रजीच्या तासाला तो पहिल्या बाकावर येऊन बसला.

पालकहो, आपण दूर असाल तर मुलांस पैशांबरोबर आपले खरे वर्तमानही कळवीत जा. ते ऐकण्याइतकी ती मोठी झालेली असतात.