एका लग्नाचे सगळे फोटो दाखवा

ऑगस्ट २०१९ च्या महापुरात कृष्णा-पंचगंगेचं पाणी शिरोळ तालुक्यातल्या कितीतरी घरांत शिरलं, आमच्या आक्काच्याही. पाणी ओसरल्यावर तिनं लग्नाचा अल्बम वाळत घातला. पण फोटो एकमेकांना चिकटले होते, सोडवायला गेलं की चेहऱ्यांचे पापुद्रे निघत. आई-वडिलांचा जोडीचा एकमेव चांगला फोटो त्यातच गेला. म्हणून भाचीचं लग्न ठरल्यावर फोटोग्राफर बघायचं काम मी मागून घेतलं.

शिरोळ, जयसिंगपूर, कुरुंदवाड पालथं घातलं. प्रत्येकाच्या मोबाइलवर निवडक फोटो तयार होते, बहुतेक खिद्रापूरच्या कोपेश्वर मंदिरातले. सगळेच देखणे! पण तिथल्या स्वर्गमंडपाचं छत मधोमध गोल उघडं आहे. वरून उतरणारा उजेडच निम्मं काम करतो. शिवाय मनासारखं जमेपर्यंत जोडीला पुन्हा उभं करता येतं. लग्नाच्या मंडपात मात्र अक्षता एकदाच पडतात. त्यामुळे मी सगळ्यांना एकच सांगितलं, "एका लग्नाचे सगळे फोटो दाखवा, हळदीपासून पाठवणीपर्यंत."

काहींनी विषय टाळला. एकानं मात्र लॅपटॉप पुढ्यात ठेवला. मी आधी अंतरपाट दूर होतानाचे फोटो उघडायला लावले. पाहुण्यांचे हात मोबाइल घेऊन वर गेलेले, तरी त्यांच्या फटीतून दोघांचे चेहरे स्वच्छ आले होते आणि अक्षतांचे दाणे हवेत दिसत होते. स्टेजवर जांभळे एलईडी दिवे होते, पण शालूचा हिरवा रंग हिरवाच राहिला होता. घरच्यांच्या ग्रुप फोटोत मागच्या रांगेतली आजीसुद्धा ठळक होती.

भाची सावळी आहे. "चेहरे गोरे करून देता का?" असं विचारलं, तर तो म्हणाला, "आपणहून नाही करत, ताई. तसं केलं की हळदसुद्धा फिकी पडते." मला तिथंच तो पटला.

तरी बाकीचं विचारून घेतलं. लग्नसराईत एकाच तारखेला दोन ऑर्डर घेऊन भलत्यालाच पाठवण्याचे प्रकार होतात; त्यानं स्वतः येण्याचं कबूल केलं. त्याचा कॅमेरा एकाच वेळी दोन कार्डांवर फोटो साठवणारा होता. सगळे फोटो दोन हार्डडिस्कवर द्यायचे, हेही ॲडव्हान्सच्या पावतीवर लिहून घेतलं. एक डिस्क पुण्याला भावाकडे ठेवायची ठरली. मग त्यानं मला विचारलं, "घरात थकलेलं कोण आहे? त्यांचे फोटो गर्दी व्हायच्या आधी काढू." इतरांनी फक्त पॅकेजं सांगितली होती.

त्याचा दर जास्त होता. दाजींची ड्रोनची हौस होती, पण आम्ही ड्रोन रद्द केला आणि त्या पैशांत त्याच्याच हाताखालचा दुसरा फोटोग्राफर घेतला. मंडप वरून कसा दिसतो यापेक्षा मंडपात कोण कोण होतं, हे पुढच्या पिढीला दिसणं मला मोलाचं वाटतं.