आठ शिक्के

२०१४ साली शारजाच्या एअरपोर्ट फ्री झोनमधल्या एका जपानी कंपनीत मी हिशेबाच्या कामावर लागलो. त्याआधी सहा वर्षं इथल्याच इंडस्ट्रियल एरियात होतो. तिथे मॅनेजर म्हणजे ट्रेड लायसन्सवर ज्याचं नाव आणि चेकवर ज्याची सही, तो माणूस. त्याने हो म्हटलं की काम सुरू.

नव्या ठिकाणी गोदामात रॅक बसवायचे होते. कोटेशन घेऊन मी आमच्या काचोंकडे, म्हणजे विभागप्रमुखांकडे गेलो. त्यांनी सही केली नाही, ‘रिंगी’चा कागद काढला. प्रस्ताव खालच्याने लिहायचा आणि एकेक शिक्का घेत तो वर जायचा. त्याआधी ते प्रत्येकाला फोन करून त्याचं म्हणणं ऐकत बसले. याला ‘नेमावाशी’ म्हणतात. शब्द बागकामातला: झाड हलवण्याआधी मुळांभोवतीची माती मोकळी करणं. त्या काळी आमचा रविवार कामाचा असायचा तेव्हा जपानमधल्यांना सुट्टी, त्यांचा शुक्रवार कामाचा तेव्हा आम्हाला. बोलायला आठवड्याचे चारच दिवस, त्यात जपान पाच तास पुढे. आठ शिक्क्यांना सहा आठवडे लागले. मी पार वैतागलो. पण मंजुरी आली आणि चार दिवसांत रॅक उभे राहिले; कोणीही मागाहून शंका काढली नाही.

पुढच्या मार्चमध्ये खरी परीक्षा आली. गोदामात न खपणारे सुटे भाग पडून होते आणि वहीत त्यांची किंमत पूर्ण दिसत होती. ३१ मार्चला वर्ष संपणार होतं. तोटा पुढच्या वर्षी दाखवू, असं वरून सुचवलं गेलं. मीही गप्प बसलो असतो. काचोंनी मात्र तोटा, त्याचं कारण आणि आपल्याच विभागाची चूक, सगळं स्वतःच्या हाताने रिंगीत लिहिलं. “आज लपवलं तर पुढे आठही शिक्क्यांना काय किंमत?” एवढंच ते म्हणाले.

त्याच वर्षी १ जूनपासून जपानमध्ये कॉर्पोरेट गव्हर्नन्स कोड लागू झाला; शेअर बाजारात नोंदलेल्या कंपन्यांनी किमान दोन स्वतंत्र संचालक नेमावेत, असं त्यात होतं. जुलैत तोशिबाचं प्रकरण बाहेर आलं. सात वर्षांत सुमारे १५० अब्ज येनचा नफा फुगवलेला, अध्यक्षांचा राजीनामा. ही कंपनी २००३ पासूनच लेखापरीक्षण समिती आणि बाहेरचे संचालक असलेली, कारभारात आदर्श मानलेली. पण वरून ‘चॅलेंज’ म्हणून नफ्याचे आकडे यायचे आणि मधल्या फळीतली माणसं ते कसेतरी जुळवून द्यायची. मला आमचे काचो आठवले. तोक्योतल्या मंडळात कितीही बाहेरची माणसं बसवा, त्यांच्यापुढे येतो तो मधल्या मॅनेजरने लिहिलेला कागदच.

काचो पुढे बदली होऊन परत गेले. तोट्याच्या त्या रिंगीची प्रत आमच्या फायलीत आहे. हिशेबात नवं माणूस आलं की पहिल्या आठवड्यात मी त्याला ती वाचायला देतो.