पिस्टन मागे का जात नाही?

पूर्वी आपल्या वस्तीत सायकल हीच घरची गाडी होती. तिचे ब्रेक रबराचे. गुटके झिजले की नवे आणायचे आणि दारातच बसवायचे. आता दारोदारी मोटारसायकली आल्या. कोणी तिच्यावर कामाला जातो, तर कोणी तिच्यावरच पोट भरतो. पण ब्रेकचे काम निघाले की आपण गाडी गॅरेजवर लावतो आणि तिथला माणूस सांगेल ते निमूट ऐकून घेतो. मी अठ्ठावीस वर्षे फिटरची नोकरी केली. म्हणून हे काम आतून कसे चालते ते घरातल्या सर्वांना, विशेषतः मुलींना, कळावे असे मला वाटते.

माझा पुतण्या घरपोच सामान पोहोचवण्याचे काम करतो. दिवसभर गाडीवर असतो. त्याच्या गाडीला मागेही डिस्क ब्रेक आहे. मागचे पॅड पार झिजून लोखंडावर लोखंड घासू लागले, तेव्हा तो नवे पॅड घेऊन गॅरेजवर गेला. नवे पॅड जाड, ते डिस्कवर बसेनात. पिस्टन मागे जात नव्हता. "कॅलिपरच बदलावा लागेल," असे त्याला सांगण्यात आले. किंमत ऐकून पोरगा गप्प झाला आणि रविवारी गाडी घेऊन माझ्याकडे आला.

हा पिस्टन म्हणजे कॅलिपरच्या पोटातला धातूचा पेला. पायाने ब्रेक दाबला की तेलाच्या दाबाने तो पुढे येतो आणि पॅड डिस्कवर दाबतो. माझी लेक विज्ञान शाखेत शिकते. ती म्हणाली, "बाबा, हा तर पास्कलचा नियम." खरेच आहे. फ्रान्सच्या ब्लेझ पास्कलने सतराव्या शतकात सांगितले, की कोंडलेल्या द्रवावर दिलेला दाब सगळीकडे सारखा पोहोचतो. समजा, पायाकडचा पिस्टन १२ मिलिमीटर व्यासाचा आणि चाकाकडचा ३६ मिलिमीटरचा. व्यास तिप्पट, म्हणून क्षेत्रफळ नऊपट आणि जोरही नऊपट. लेकीने हे वहीच्या मागच्या पानावर मांडून दाखवले, तेव्हा पुतण्याही वाकून बघू लागला.

पिस्टनभोवती चौकोनी काठाची रबरी रिंग असते. ब्रेक दाबला की ती किंचित पिळली जाते, सोडला की मूळ जागी येते आणि पिस्टनला केसभर मागे ओढते. पॅड झिजत गेले की पिस्टन रिंगमधून थोडा थोडा पुढे सरकतो आणि तिथेच राहतो. त्यामुळे डिस्क ब्रेक आवळावा लागत नाही. पण नवे जाड पॅड घालायचे, तर पुढे आलेला पिस्टन आपल्यालाच मागे सारावा लागतो.

आम्ही गाडी सपाट जागी डबल स्टँडवर लावली. पॅडची पिन आधी सैल केली, मग कॅलिपरचे दोन बोल्ट काढले. सुटलेला कॅलिपर तेलाच्या नळीवर लोंबकळू न देता सुतळीने बांधून ठेवला. पिस्टनचा बाहेर आलेला भाग चिखलाने आणि पॅडच्या भुकटीने माखला होता. तो तसाच आत लोटला तर घाण रिंग कापते. म्हणून जुना टूथब्रश आणि साबणाचे पाणी घेऊन तो स्वच्छ केला. रॉकेल, पेट्रोल किंवा साधे ग्रीस इथे लावू नये, रबर फुगते. भुकटी तोंडाने फुंकू नये, ओल्या फडक्याने पुसावी. जुन्या लायनरमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असे, आणि आजच्या पॅडची धूळही छातीला चांगली नाही.

मग तेलाच्या डबीचे झाकण उघडले. पिस्टन मागे गेला की तेल डबीत परत चढते. कोणी मध्ये तेल भरून ठेवले असेल तर ते उतू जाते आणि गाडीचा रंग खाते. सांडलेच तर लगेच पाण्याने धुवावे.

जुना पॅड पिस्टनवर सपाट ठेवून सी-क्लॅम्पने हळूहळू आवळले. पिस्टन हलेना. पुतण्याने हातोडी उचलली. मी ती बाजूला ठेवायला लावली. न हलणारी वस्तू आपल्याला काहीतरी सांगत असते, ते आधी ऐकावे. पाय उचललेला असला की पायाकडच्या सिलिंडरमधले बारीक भोक उघडे असते आणि तेल डबीत जाऊ शकते. भोक झाकलेले राहिले तर तेलाला वाट नाही, मग कितीही जोर लावा. मी ब्रेकची पट्टी हलवून पाहिली. तिला जरासुद्धा ढील नव्हती. ब्रेक लवकर लागावा म्हणून कोणीतरी खालची दांडी आवळून ठेवली होती. म्हणजे ब्रेक सतत थोडा लागलेलाच राहत होता. पॅड इतक्या लवकर का संपले, तेही तिथेच कळले. दांडी पुस्तकात दिल्याप्रमाणे सैल केली. आता पिस्टन नुसत्या अंगठ्याने आत गेला. डबीत तेल चढताना लेकीने पाहिले. कॅलिपर धडधाकट होता.

शेजारचे भाऊ भाड्याची मोटार चालवतात. ते म्हणाले, "आमच्या गाडीचा मागचा पिस्टन असा दाबून जात नाही." त्यांचेही बरोबर होते. ज्या मोटारींत हँडब्रेक मागच्या कॅलिपरमध्येच असतो, तिथे पिस्टनच्या आत स्क्रू असतो आणि तोंडावर खाचा असतात. हँडब्रेक सोडून, खाचांत हत्यार बसवून तो दाबत दाबत फिरवावा लागतो. बहुतेक गाड्यांत घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने, काहींत एका बाजूचा उलटा. क्लॅम्पने नुसता दाबला तर आतला स्क्रू मोडतो. बटणाचा, विजेवर चालणारा हँडब्रेक असेल तर घरी हात लावू नये. तो यंत्र जोडून आधी मोकळा करावा लागतो.

कॅलिपर सुटलेला असताना कोणी ब्रेक दाबणार नाही, हे बघावे. घरात लहान मुले असतील तर जास्तच. पिस्टन उडून बाहेर आला, रिंगेतून तेल पाझरताना दिसले, किंवा पिस्टनवर गंजाचे खड्डे असले, तर काम थांबवून जाणत्या मेकॅनिकला बोलवावे. तेल कमी असेल तर झाकणावर लिहिलेलेच, डॉट ३ किंवा डॉट ४, सीलबंद बाटलीतले भरावे. उघडी राहिलेली बाटली हवेतला ओलावा ओढते.

सगळे आवळून झाल्यावर पुतण्या निघायला लागला, तेव्हा लेकीने किल्ली आपल्याकडे ठेवली. पॅड बसवल्यावर पहिल्या दाबाला पट्टी रिकामी खाली जाते, पिस्टन पुढे यायला वेळ लागतो. कित्येक अपघात या पहिल्याच दाबाला होतात. तिने त्याला पायाला घट्ट लागेपर्यंत पट्टी दाबायला लावली, चाक हाताने फिरवून पाहिले, डबीतले तेल खुणेपर्यंत आहे का ते बघितले. गल्लीत दोन हळू फेऱ्या मारून तो थांबला. पुढचे काही दिवस जोरात ब्रेक मारू नकोस, नवे पॅड डिस्कवर बसायला वेळ लागतो, असे सांगून तिने किल्ली दिली.