आवाजाचे बिऱ्हाड

'दूरनियंत्रक' हा शब्द घडवणाऱ्यांनी नेटका घडवला. लोकांनी मात्र रिमोट हाच शब्द उचलला. तो इतका अंगवळणी पडला, की १९९५ साली महाराष्ट्रात युतीचे सरकार आले आणि त्याचा रिमोट कंट्रोल आपल्या हाती राहील असे बाळासाहेब ठाकरे यांनी उघडपणे सांगितले, तेव्हा त्या उद्गारावर भाष्य करण्याची गरज कोणाला भासली नाही. खुर्ची एकाची आणि कळ दुसऱ्याच्या हाती, हा अर्थ दिवाणखान्यात बसणाऱ्या प्रत्येकाला अनुभवाने ठाऊक होता. कुटुंबातील सत्ता कोणाकडे आहे हे पाहायचे असेल, तर संध्याकाळी रिमोट कोणाच्या मांडीवर आहे तेवढे पाहावे.

गेल्या काही वर्षांत या लहानशा सत्तेची वाटणी झाली आहे. टीव्ही सपाट होऊन भिंतीला टेकला आणि त्याचा आवाज त्याच्यातून निघून साउंडबार नावाच्या एका लांबट काळ्या पेटीत राहायला गेला. चित्राचे घर एक, आवाजाचे बिऱ्हाड दुसरे. साहजिकच रिमोटही दोन झाले. दिल्लीत ३१ ऑक्टोबर २०१२ ही मुदत ठरवून केबलचे जुने प्रक्षेपण बंद करण्यात आले आणि घरोघरी सेट-टॉप बॉक्स आला, त्यामुळे तिसरा रिमोट बहुतेक घरांत आधीच पडून होता. प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून रबर लावलेली ही तिन्ही उपकरणे एकाच ट्रेमध्ये शेजारी शेजारी असतात, आणि अंधारात हाताला नेमके नको असलेले लागते. मग सर्वत्र तीच इच्छा व्यक्त होते, की हे सारे एकाच रिमोटवर चालावे. तरुणांच्या लेखी ही निव्वळ सोयीची बाब असते. नोएडा, द्वारका, गुडगाव येथील सदनिकांमध्ये मुले दूरदेशी गेल्यावर मागे राहिलेल्या वृद्धांच्या लेखी ती त्याहून पुष्कळ अधिक असते.

वस्तुतः चित्र आणि आवाज यांची फारकत दिल्लीला नवी नाही. भारतात दूरचित्रवाणीचा आरंभ याच शहरात, १५ सप्टेंबर १९५९ रोजी, आकाशवाणीच्या आश्रयाने झाला. म्हणजे आपल्याकडे चित्र जन्मले तेच आवाजाच्या घरी पाहुणे म्हणून. २६ जानेवारी १९६७ रोजी 'कृषिदर्शन' हा कार्यक्रम सुरू झाला तेव्हा तो दिल्लीच्या परिसरातील ८० गावांत सामुदायिक संचांवर दाखवला जाई. संच केव्हा लावायचा आणि आवाज किती ठेवायचा हे तो सांभाळणाऱ्याच्या हाती; उरलेल्यांनी पाहायचे आणि ऐकायचे. पुढे संच घरोघरी आले, तरी आवाज कोणाचा घ्यायचा हा प्रश्न मिटला नाही. क्रिकेटच्या सामन्याच्या वेळी दूरदर्शनचा आवाज पूर्ण बंद करून शेजारी ट्रान्झिस्टर ठेवणारे आणि आकाशवाणीचे समालोचन ऐकत दूरदर्शनचे चित्र पाहणारे रसिक एका पिढीला चांगले आठवतात. एका हाती टीव्हीची कळ आणि दुसऱ्या हाती रेडिओची, अशी ती बैठक असे. साउंडबारचे पूर्वज शोधायचेच असतील तर ते तेथे सापडतील.

ज्या संस्थेने हे सारे चालवले तिचेही असेच झाले. १ एप्रिल १९७६ रोजी दूरदर्शन आकाशवाणीपासून वेगळे करण्यात आले. २३ नोव्हेंबर १९९७ रोजी दोन्ही पुन्हा प्रसार भारतीच्या छताखाली आली. मधल्या काळात, फेब्रुवारी १९९५ मध्ये, क्रिकेटच्या प्रक्षेपणावरूनच उद्भवलेल्या एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने प्रक्षेपणाच्या लहरी ही सार्वजनिक मालमत्ता असल्याचा निर्णय दिला. त्यातील प्रमुख निकालपत्र न्यायमूर्ती पी. बी. सावंत यांचे. दोन खात्यांना एक रिमोट मिळाला खरा; तो कोणाच्या हाती असावा याविषयीची चर्चा मात्र त्या निर्णयाने संपली नाही, आणि ती संपेल असे मानण्याचे कारणही दिसत नाही.

खुद्द रिमोटच्या जन्मकथेतही आवाजाचाच भाग मोठा आहे, ही गोष्ट सहसा लक्षात घेतली जात नाही. अमेरिकेत झेनिथ या कंपनीने १९५० साली काढलेला पहिला रिमोट वायरने संचाला जोडलेला होता. माणसे त्या वायरीत पाय अडकून पडत. १९५५ मध्ये त्याच कंपनीच्या यूजीन पॉली यांनी प्रकाशाच्या झोताने चालणारा बिनतारी रिमोट तयार केला, आणि त्याची जाहिरात करताना जे वैशिष्ट्य सांगितले गेले ते असे, की कंटाळवाण्या जाहिराती चालू असताना चित्र तसेच ठेवून फक्त आवाज बंद करता येतो. बिनतारी रिमोट जन्माला आला तो असा, आवाजाला चित्रापासून तोडण्याची मुभा घेऊन. खिडकीतून ऊन आले की तो संच आपोआप वाहिनी बदलत असे, हा त्यातील विनोदी भाग. पुढच्याच वर्षी रॉबर्ट ॲडलर यांनी मानवी कानाला ऐकू न येणाऱ्या ध्वनीवर चालणारा रिमोट काढला. आजचा रिमोट अवरक्त किरणांवर चालतो. डोळ्याला न दिसणारी ती उघडझाप सेकंदाला सुमारे ३८ हजार वेळा होते. प्रत्येक कंपनीची सांकेतिक भाषा वेगळी, म्हणून एकाचा रिमोट दुसऱ्याला कळत नाही.

आवाज घर सोडून का गेला, याचे उत्तर संचाच्या बांध्यात आहे. जुन्या, पाठीमागे फुगलेल्या टीव्हीत स्पीकरला जागा होती आणि त्याचे तोंड बघणाऱ्याकडे असे. सपाट संचात ते खाली किंवा मागे, भिंतीकडे असते. जो बोलतो तो भिंतीशी बोलतो आणि श्रोत्याला ते परावर्तित होऊन पोहोचते. तरुण कान हे चालवून घेतो. वयपरत्वे कान प्रथम उंच पट्टीतले सूक्ष्म ध्वनी गमावतो. स्वर खालच्या पट्टीत असतात, जोरकसही असतात, म्हणून ते टिकतात. जातात ती स, श, त, थ, ठ, ख अशी व्यंजने. उच्चाराचे वजन स्वरांत आणि अर्थाचा नेमकेपणा व्यंजनांत, ही भाषेची जुनी व्यवस्था वृद्धांच्या बाबतीत अशी उलटते. 'आवाज येतो, पण बोललेले कळत नाही' ही त्यांची तक्रार म्हणूनच अक्षरशः खरी असते. बातम्यांत 'सात' म्हटले, 'साठ' म्हटले की 'साथ' म्हटले, हे ज्याला कळले नाही त्याच्या कानावर बातमी पडूनही ती पोहोचलेली नसते. घरातली माणसे यावर आवाज वाढवतात. त्याने स्वर आणखी मोठे होतात, व्यंजने होती तेथेच राहतात, आणि शेजारी दार वाजवतात. साउंडबार समोर तोंड करून बोलतो, एवढा एक गुण त्याच्या साऱ्या किमतीला पुरेसा आहे. बाकी त्याच्या जाहिरातीत सांगितले जाणारे चित्रपटगृहाचे गडगडाट वगैरे ज्याला हवे त्याने घ्यावेत.

दोन्ही यंत्रे एका रिमोटवर चालतात ती कशी, हे समजून घेणे इष्ट आहे, कारण पुढचा घोटाळा त्या समजुतीच्या अभावातून होतो. रिमोट एकच असला तरी तो दोन्ही यंत्रांशी बोलत नाही. तो फक्त टीव्हीशी बोलतो. टीव्ही आणि साउंडबार यांना जोडणारी एचडीएमआय नावाची जी तार असते, तिच्यात आवाज टीव्हीकडून उलट दिशेने पट्टीकडे नेण्याची सोय २००९ च्या सुमारास झाली. त्या तारेतून आज्ञाही जातात. आवाज वाढवण्याची कळ दाबली की टीव्ही स्वतःचा आवाज वाढवत नाही, पट्टीला निरोप धाडतो. या व्यवस्थेला प्रत्येक कंपनीने आपापले नाव दिले आहे. कोणी ॲनीनेट प्लस म्हणते, कोणी सिम्पलिंक, कोणी ब्राव्हिया सिंक. एकाच गोष्टीला तीन नावे देऊन ती यादीच्या तिसऱ्या पायरीवर लपवून ठेवण्यात कोणते व्यापारी शहाणपण आहे, ते व्यापाऱ्यांनाच ठाऊक. एकदा ती चालू केली, तार योग्य त्या खाचेत घातली आणि आवाज बाहेरच्या यंत्राकडे पाठवण्याची निवड केली, म्हणजे काम झाले. प्रकाशवाहिनीची, म्हणजे ऑप्टिकल म्हणतात ती, तार वापरली तर आवाज जातो पण निरोप जात नाही. मग ज्याची चित्रे त्याचा रिमोट आणि ज्याचा आवाज त्याचा. साउंडबार टीव्हीच्या पायाशी ठेवला तर तो कित्येकदा टीव्हीचा डोळाच झाकतो आणि चालणारा रिमोटही चालेनासा होतो. तो चार बोटे पुढे किंवा खाली सरकवणे हा बिनखर्चाचा उपाय आहे, तरी पुष्कळ घरांत याच कारणासाठी दुरुस्ती करणाऱ्याला बोलावणे जाते.

थोडक्यात, एका रिमोटची सोय ही एका मध्यस्थावरच्या विश्वासावर उभी असते. हा विश्वास तुटला तर काय होते, याचा प्रत्यय नोएडातील एका गृहसंकुलात एकट्या राहणाऱ्या एका मराठी बाईंच्या हकिकतीतून येतो. यजमान केंद्र सरकारच्या नोकरीत होते. सारे आयुष्य सरकारी वसाहतींतून बिऱ्हाडे हलवण्यात गेले आणि निवृत्तीनंतर हे स्वतःचे घर झाले. टीव्ही, साउंडबार आणि त्यांचे सारे तंत्र यजमानांच्या अखत्यारीतले. ते गेल्यावर मुलगा परदेशातून आला, त्याने सर्व काही एका रिमोटवर आणून दिले आणि दुसरा रिमोट कपाटात ठेवला. आठ महिने उत्तम चालले. मग एका उन्हाळी संध्याकाळी वीज गेली, संकुलाचे जनित्र सुरू झाले, पुन्हा वीज आली. दिल्लीच्या आसपास जून महिन्यात यात नवल ते काय. टीव्ही लागला, चित्र आले. आवाज आला नाही.

काकूंनी कळ दाबली. पडद्यावर आकडा वाढला: वीस, चाळीस, साठ. निवेदिकेचे ओठ हलत होते. आकडा आवाज वाढल्याचे सांगत होता आणि ऐकू काहीच येत नव्हते. यातून काकूंनी जो निष्कर्ष काढला तो तर्कशास्त्राच्या दृष्टीने निर्दोष होता. यंत्र चालते आहे, तेव्हा आपले कान गेले. दाराची घंटा ऐकू येत होती, फोनवरचे बोलणे कळत होते. पण वयाची दुखणी अशीच कोपऱ्याकोपऱ्याने घरात शिरतात, हे त्यांनी यजमानांच्या आजारपणात पाहिले होते. चार दिवस त्यांनी मूक टीव्ही पाहिला. कोणाला सांगितले नाही. सांगितले असते तर मुलाने 'आता एकटीने राहणे पुरे' म्हटले असते, आणि त्यापुढचे सारे निर्णय त्यांच्या हातून गेले असते. कानाच्या डॉक्टरांकडे वेळ मात्र घेऊन ठेवली.

जुन्या संचाच्या बाबतीत असे घडते ना. आवाज जेथून येतो ते ठिकाण दिसत होते, त्याची कळ त्याच्याच अंगावर होती, बिघाड झाला की संचाच्या डोक्यावर थाप मारायची पद्धत होती. दोन रिमोट होते तोवरही चित्र येथून आणि आवाज तेथून, एवढे तरी काकूंना ठाऊक होते. तो दुसरा रिमोट कपाटात गेला तेव्हा त्याच्याबरोबर हे ज्ञानही गेले.

पाचव्या दिवशी पुण्याहून पुतण्याचा नेहमीचा फोन आला. बोलता बोलता त्याने विचारले, "काकू, आज मागे टीव्हीचा आवाज नाही तुमच्या?" तेव्हा गोष्ट बाहेर पडली. त्याने पट्टीवरचा लहानसा दिवा कोणत्या रंगाचा आहे ते विचारले. निळा होता. वीज परत आल्यावर पट्टी जागी झाली ती तारेकडे कान देण्याऐवजी ब्लूटूथकडे कान लावून. टीव्ही आपला इमानाने निरोप धाडत होता. दोन्ही यंत्रांचे भिंतीवरचे खटके बंद करा, शंभर आकडे मोजा, आधी पट्टी लावा मग टीव्ही, असे त्याने सांगितले. काकूंनी शंभर मोजले. मग खोलीत एवढा मोठा आवाज झाला, की तो फोनवर पुण्यात ऐकू गेला. साठावर नेऊन ठेवलेला आकडा तसाच होता. तो खाली आणून झाल्यावर त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "म्हणजे माझे कान आहेत ना रे?"

डॉक्टरांची वेळ त्यांनी रद्द केली नाही. तपासणीत त्या वयाला साजेशी श्रवणहानी निघाली, अधिक काही नाही. कपाटातला दुसरा रिमोट मात्र बाहेर आला. पुतण्याने पुढच्या खेपेला आल्यावर त्यांना दाखवून दिले, की टीव्हीचा रिमोट पट्टीला आवाज वाढव, कमी कर, गप्प बस, जागी हो एवढेच सांगू शकतो. बोलणे स्पष्ट करणारी आणि पार्श्वसंगीत मागे ढकलणारी कळ केवळ पट्टीच्या स्वतःच्या रिमोटवर आहे. म्हणजे ज्या एका कळीची वृद्ध कानाला खरी गरज, नेमकी तीच एका रिमोटच्या व्यवस्थेत वगळलेली. मुलाने ती आठ महिने कपाटात बंद करून ठेवली होती, अर्थात आईच्या सोयीसाठीच.

आता त्या रिमोटच्या इतर सर्व कळांवर काकूंनी चिकटपट्टी लावली आहे. दोनच उघड्या आहेत. एक बोलण्याची, दुसरी, दिवा निळा झाला तर तो पुन्हा पांढरा करण्याची. पाठीवर कागद चिकटवून त्यावर मराठीत लिहिले आहे, 'आवाज टीव्हीत नाही, खाली आहे', आणि हा रिमोट ट्रेमध्ये न ठेवता चष्म्याच्या घरात ठेवला जातो.