साक्षीदार उशाशीच असतो

वाचकहो, तुमच्या घरात रात्री कोणी मोठ्याने घोरत असेल, तर आज एक करून पाहा. तो आवाज मध्येच थांबतो का आणि थांबल्यावर पुन्हा सुरू व्हायला किती वेळ लागतो, याकडे लक्ष द्या. मी ते लक्ष फार उशिरा दिले. त्या उशिराची हकीकत आणि त्यानंतर आम्ही दोघे जे शिकलो ते, आज तुम्हांला सांगावेसे वाटते.

आम्ही दारव्ह्याचे. हे जिल्हा परिषदेच्या शाळेतून मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झाले. त्यांचे घोरणे लग्नापासूनचे, पण साठीनंतर ते इतके वाढले की मी माझे अंथरूण उचलून देवघराशेजारच्या खोलीत नेले. घोरणारा माणूस सुखाने झोपतो, अशी आपल्याकडे समजूत. कुंभकर्णाच्या नावाने थट्टा करून आपण मोकळे होतो. मीही झाले. त्यानंतरच्या चार वर्षांत त्यांचा रक्तदाब दोन गोळ्यांनीही आटोक्यात येईना. सकाळी डोके जड असे. रात्री तीन-तीनदा लघवीला उठावे लागे. दुपारी हातातले वर्तमानपत्र छातीवर पडे आणि ते बसल्या जागी झोपी जात. हे सारे आम्ही वयाच्या खात्यावर मांडले. एकदा यवतमाळहून परतताना त्यांची स्कूटर रस्ता सोडून कपाशीच्या शेतात उतरली. माती ओली होती म्हणून खरचटण्यावर निभावले. ‘‘डोळा लागला जरा,’’ एवढेच ते म्हणाले.

मग मे महिन्यातली एक रात्र आली. वीज गेली, कूलर थांबला आणि आम्ही दोघे गच्चीवर झोपायला गेलो. चार वर्षांनी मी त्यांच्या इतक्या जवळ झोपले होते. घोरणे ऐन भरात असताना एकाएकी थांबले. मी मनात आकडे मोजू लागले. पंधरा, वीस, सव्वीस. त्यांची छाती हलत होती, पण नाकातोंडातून श्वास येत नव्हता. मग पाण्यातून वर आलेल्या माणसासारखा एक मोठा हुंदका, कुशीवर वळणे आणि पुन्हा तेच घोरणे. उजाडेपर्यंत मी मोजत राहिले. सकाळी विचारले, तर म्हणाले, ‘‘छान झोप लागली की.’’

डॉक्टरांनीही त्यांना हाच प्रश्न विचारला आणि हेच उत्तर मिळाले. तेव्हा डॉक्टरांनी मान वळवून माझ्याकडे पाहिले. या आजाराची गोम इथेच आहे, वाचकहो. ज्याला तो होतो त्याला त्याची खबर नसते. खबर असते ती शेजारी झोपणाऱ्याला, आणि तो शेजारी कंटाळून दुसऱ्या खोलीत गेला, तर साक्षीदारच उरत नाही. घरात जोडीदार नसेल, तर मुलाने, सुनेने किंवा सांभाळणाऱ्या बाईने रात्रीचा आवाज मोबाइलवर ध्वनिमुद्रित करून डॉक्टरांना ऐकवावा. तेवढ्यानेही दिशा मिळते.

या आजाराला स्लीप अॅप्निया म्हणतात. झोपेत घशाचे आणि जिभेचे स्नायू सैल पडतात. काहींच्या बाबतीत त्यामुळे श्वासाची वाटच मिटते. रक्तातला प्राणवायू उतरू लागला की मेंदू क्षणभर झोप मोडतो, वाट उघडते आणि माणूस पुन्हा झोपतो. हे रात्रभर चालते. निदानासाठी नागपूरला एक रात्र अंगाला तारा लावून झोपेची तपासणी झाली. श्वास किमान 10 सेकंद थांबला किंवा ठरावीक प्रमाणात मंदावला, तर ती एक घटना धरतात. तासाला 5 पेक्षा कमी घटना सामान्य, 5 ते 15 सौम्य, 15 ते 30 मध्यम आणि 30 च्या पुढे तीव्र, अशी प्रतवारी आहे. यांचा आकडा 38 आला.

उपचार म्हणून सीपॅप यंत्र आले. नळीतून आणि मास्कमधून ते हवेचा सौम्य दाब सतत देत राहते आणि त्या दाबाने घशाची वाट मिटत नाही. ऑस्ट्रेलियातील सिडनी येथील डॉ. कॉलिन सुलिव्हन यांनी ही पद्धत शोधली आणि 1981 मध्ये तिची माहिती ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाली. यंत्रातून येते ती खोलीतलीच गाळलेली हवा, हे मुद्दाम सांगते. कारण करोनाच्या साथीनंतर मास्क दिसला की लोकांना दुसरेच सुचते. तिसऱ्याच दिवशी शेजारच्या आजी फाटकातूनच म्हणाल्या, ‘‘काय झालं जी मास्तरले? ऑक्सिजन लागला म्हंते!’’ हे आतून ऐकत होते. त्या रात्री त्यांनी मास्क लावला नाही.

यंत्र देणाऱ्याने दहा मिनिटांत सगळे सांगून टाकले होते आणि तेही फक्त यांना. मी दाराशी उभी होते. पुढचे तीन आठवडे मी मला कळेल तशी मदत केली. म्हणजे काय केले? रात्री दोनदा उठून मास्क जागेवर आहे का ते पाहिले, सकाळी चहाआधी ‘‘किती तास लावलात?’’ असे विचारले आणि पुण्याला मुलाला फोन करून तक्रार केली. एके दिवशी यंत्र कपाटावर गेले. मी बोलले, तेही बोलले. शेवटी ते म्हणाले, ‘‘चाळीस वर्षे मी मुलांची हजेरी घेतली. आता तू माझी घेतेस.’’

त्या दुपारी ते बाहेर गेले असताना मी यंत्र खाली काढले, मास्क साबणाने धुतला आणि स्वतःच्या नाकावर बसवून बटण दाबले. धावत्या एसटीच्या खिडकीतून तोंड बाहेर काढल्यासारखे वाटले. श्वास आत जाई, पण बाहेर सोडताना कोणी तरी उलट ढकलते आहे असा भास होई. दोन मिनिटांत घाबरून मी तो ओढून काढला. संध्याकाळी त्यांना म्हटले, ‘‘अहो, हे सोपे नाही हो.’’ ते पहिल्यांदाच हसले. मग आम्ही दोघे मिळून पुन्हा डॉक्टरांकडे गेलो आणि या वेळी दोघेही खुर्चीवर बसलो. परदेशांत हा उपचार पती-पत्नींना एकत्र बसवून शिकवण्याचे प्रयोग झाले आहेत. आमच्या पुरता तो प्रयोग त्या दिवशी झाला.

तिथे समजलेल्या गोष्टी अगदी साध्या होत्या. दाब सुरुवातीला कमी ठेवून हळूहळू वाढवण्याची सोय यंत्रातच असते. दिवसा बातम्या पाहताना अर्धा तास मास्क लावला, तर नाकाला आणि मनाला सवय होते. हे रात्री कवळी काढून झोपतात, पण मास्कचे माप घेतले होते ते कवळी घालून. गाल आत गेले की कडेने हवा निसटे आणि डोळे कोरडे पडत. माप कवळीशिवाय पुन्हा घेतले. झोपताना चेहऱ्याला खोबरेल लावण्याची सवयही सोडावी लागली, कारण त्याने मास्क घसरतो. नाक आणि घसा कोरडा पडू नये म्हणून यंत्रातील भांड्यात ऊर्ध्वपातित पाणी घालतो आणि ते रोज बदलतो. मास्कची गादी रोज सौम्य साबणाने धुऊन सावलीत वाळवतो. आपल्याकडच्या धुळीत हवेची गाळणी लवकर काळी होते, तीही पाहावी लागते. वीज गेली तर मास्क काढून ठेवावा. पाणी तापवण्याची सोय बंद ठेवली की यंत्राला वीज कमी लागते, म्हणून इन्व्हर्टर घेताना जाणकाराला आधी विचारून घेतले. मद्य आणि मनाने घेतलेल्या झोपेच्या गोळ्या घसा आणखी सैल करतात. त्या घरात नकोतच.

याहून महत्त्वाचा ठरला तो आमचा आपसांतला करार. मी त्यांना सरळ विचारले, ‘‘मी काय करू, आणि काय करू नको?’’ ते म्हणाले, ‘‘झोपेत मास्क निघाला तर हलकेच उठव. पण सकाळी तास विचारू नको.’’ मी विचारणे सोडले. आठ दिवसांनी चहा पिताना तेच म्हणाले, ‘‘काल पाच तास झाले बरं का.’’ डॉक्टर किमान चार तासांचा हिशेब धरतात, पण झोप जितकी, तितका वेळ मास्क असणे उत्तम. शेजारच्या आजींनाही त्यांनी स्वतःच घरात बोलावून यंत्र दाखवले. यंदा माहूरला रेणुकामातेच्या दर्शनाला गेलो, तेव्हा धर्मशाळेत पिशवीतून ते काढताना ते संकोचले नाहीत.

मी पुन्हा त्यांच्या खोलीत झोपू लागले, त्या पहिल्या रात्री मला झोप आली नाही. इतकी शांतता होती की मी घाबरले आणि अंधारात त्यांच्या छातीवर हात ठेवला. छाती संथ लयीत वरखाली होत होती. मग मी झोपले.

आता सहा महिने झाले. रात्रीचे उठणे एकावर आले आहे. रक्तदाब उतरला आहे, तरी डॉक्टरांनी सांगितल्याखेरीज एकही गोळी बंद केलेली नाही. हा आजार यंत्राने कायमचा बरा होत नाही. यंत्र लावले त्या रात्रीपुरता तो आवरला जातो. सर्दी झाली की मास्क नकोसा होतो, एखाद्या रात्री चिडून ते तो काढूनही ठेवतात. अशा वेळी मी गप्प राहते. दुसऱ्या रात्री तो पुन्हा लागतो.

एक सांगायचे राहिले. मागच्या पंधरवड्यात चहाच्या वेळी ते जरा चाचरत म्हणाले, ‘‘अगं, तूही घोरतेस. आणि मध्ये थांबतेस.’’ मला राग आला. बाईमाणूस घोरते, हे ऐकायला आपल्याला लाज वाटते. पण पाळी गेल्यानंतर स्त्रियांमध्येही हा आजार वाढतो, आणि दिवसभराचा थकवा, तुटक झोप, सकाळची डोकेदुखी अशा रूपांत तो लपून राहतो, हे मला आता ठाऊक आहे. पुढच्या महिन्यात माझी तपासणी आहे. झोप कशी लागते, असे डॉक्टरांनी विचारले की उत्तर यांनी द्यायचे, असे आमचे ठरले आहे.