कोणता पांढरा?

“मावशी, बैलाला कोणता पांढरा लावू?”

भाच्याचा फोन होता. पोळ्याला अजून बराच अवकाश, म्हणून मी गोंधळले. मग कळलं की बैल लाकडाचा नाही. धातूचा आहे, माझ्या करंगळीएवढा, आणि तोफेला जुंपलेला आहे. पुण्यात नोकरी करणारा हा मुलगा सुटीच्या दिवशी मित्रांबरोबर टेबलावर लढाया मांडतो. २८ मिलिमीटर उंचीचे सैनिक, मोजपट्टी, फासे, आणि भिंतीला लावलेल्या फळीवर रंगांच्या बाटल्यांची रांग. प्रशियात रायस्विट्झ नावाच्या लष्करी अधिकाऱ्याने १८२४ साली नकाशावर लढायचा खेळ सिद्ध केला, तेव्हा फौजा म्हणजे नुसते लाल आणि निळे ठोकळे होते. आपलं कोण आणि परकं कोण एवढं कळलं की रंगाचं काम संपलं. आता त्या ठोकळ्यांना मिशा आल्या, पागोटी आली, बटणं आली, आणि प्रत्येक बटणाला रंग हवा.

भाच्याने मांडलेली लढाई आपल्याकडची होती. अकोला जिल्ह्यातलं अडगाव, २९ नोव्हेंबर १८०३. एका बाजूला इंग्रजांचा सेनापती वेलस्ली, दुसऱ्या बाजूला नागपूरकर भोसले आणि शिंदे. दिवस मावळता मावळता निकाल लागला आणि पुढचा पाठलाग चांदण्यात झाला. १७ डिसेंबरला देवगावचा तह झाला आणि वर्धा नदीच्या पलीकडचं वऱ्हाड दुसऱ्या रघूजी भोसल्यांच्या हातून गेलं. आमची आर्वी नदीच्या अलीकडे राहिली.

इंग्रजांच्या बाजूने त्याला काहीच अडत नव्हतं. ७८ व्या हायलँडर पलटणीच्या कॉलरीचा आणि मनगटाचा रंग फिका पिवळसर, ९४ व्या पलटणीचा हिरवा. सगळं नोंदलेलं, छापलेलं, त्या त्या नावाची बाटलीसुद्धा विकत मिळते. भोसल्यांच्या पायदळाचं तसं एकही पान त्याच्या हाती लागलं नव्हतं. ज्यांनी लढाई जिंकली त्यांच्या बटणांचाही हिशेब राहिला, आणि आपल्या माणसांचा अंगरखा कोणत्या रंगाचा होता हे आज तिसऱ्याच कुणीतरी बाटल्यांसमोर बसून ठरवायचं, याचं मला मनापासून वाईट वाटलं. बैलांना तर कुठलीच बाजू नाही. वेलस्लीच्या मोहिमेतले बैल म्हैसूरकडचे अमृतमहाल, लांब आणि मागे झुकलेल्या टोकदार शिंगांचे. भोसल्यांच्या तोफेला मी गवळाऊच जुंपीन. हा आमच्या वर्धेचा गोवंश, आर्वी-कारंज्याकडचा. कारंजा तालुक्यात हेटीकुंडीला त्याचं सरकारी पैदास केंद्र आहे. अंगाने हलका, लांबट, चालायला चपळ. मराठ्यांच्या फौजांची रसद डोंगरवाटांनी लवकर पोचावी म्हणून हे जनावर जोपासलं गेलं, असं म्हणतात. मला ते पटतं. रस्त्याने चालणारा गवळाऊ पाहिला की त्याच्या पायात घाई दिसते.

आणि तो पांढरा असतो. पण कोणता?

भाच्याजवळ स्पॅनिश वायेहोच्या बाटल्या आहेत, ‘ऑफ व्हाइट’ आणि ‘आयव्हरी’. इंग्लंडच्या सिटाडेलचा हाडाच्या रंगाचा ‘रेथबोन’ आहे. मी त्याला म्हटलं, बाटल्या बाजूला ठेव आणि आधी गवळाऊ बघ. गाय निखळ पांढरी. वळू मात्र मान, वशिंड आणि मागच्या पुठ्ठ्यांवर करडा. अंगाचा पांढरा त्या करड्यात कुठे संपला ते बोट ठेवून दाखवता येत नाही. खच्ची केलेल्या बैलाचा करडेपणा बराच उतरलेला असतो, आणि तोफ ओढणार तो बैलच. नाकपुडी काळी, खूर काळे, शेपटीचा गोंडा काळा. डोळ्याभोवती काजळ घातल्यासारखी कड. शिंगं आखूड, बोथट, किंचित मागे वळलेली. आणि नोव्हेंबरातल्या काळ्या मातीतून चाललेला असेल तर गुडघ्याखाली पांढरा उरतच नाही.

एवढ्याशा आकारावर एक अडचण असते, ती भाच्याने मला समजावून सांगितली. खऱ्या बैलाच्या पोटाखाली सावली आपोआप पडते. करंगळीएवढ्या बैलाच्या पोटाखाली ती दिसण्याइतकी पडतच नाही. ती रंगवावी लागते. म्हणून पांढरी वस्तू पांढऱ्याने सुरू करायची नाही. आधी करडा किंवा हाडाचा रंग, मग खोबणींमध्ये पातळ तपकिरी सोडायचा, मग फिके थर वर वर चढवत न्यायचे, आणि अगदी शेवटी वशिंडाच्या माथ्यावर, पाठीच्या कण्यावर, कपाळावर शुद्ध पांढऱ्याचा नुसता स्पर्श. प्रत्येक थर इतका पातळ की धातूत कोरलेली गळ्याची वळी बुजू नये. शुद्ध पांढरा सगळीकडे दिला तर पुढे उजेड दाखवायला काही शिल्लकच राहत नाही.

हे ऐकताना मला सिंदीचे सुतारबाबा आठवले, आणि मग भाचा काय बोलत राहिला त्याकडे माझं लक्ष राहिलं नाही.

सिंदी (रेल्वे) माझं आजोळ. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी विदर्भात तान्हा पोळा भरतो. खऱ्या बैलांचा मान आदल्या दिवशी झालेला असतो. हा दिवस पोरांचा आणि लाकडी नंद्यांचा. दुसऱ्या रघूजींनीच १८०६ साली नागपुरात तो सुरू केला असं सांगतात. ते साल खरं असेल, तर वऱ्हाड गेल्याला तेव्हा तीन वर्षंही धड झाली नव्हती, आणि तो राजा पोरांच्या हाती लाकडाचे बैल देत होता. सिंदीचा तान्हा पोळा साऱ्या विदर्भात नावाजलेला. हातात मावणाऱ्या नंदीपासून चाकांवर ओढत न्यायच्या मोठाल्या नंदीपर्यंत सगळे तिथे येतात. आमच्या आजोबांच्या घरचा नंदी माझ्या छातीला लागेल एवढा होता. रंग उडाला की सुतारबाबा येत. अंगणात पोतं अंथरून नंदी आडवा करत, जुना रंग पत्र्याने खरवडत, भेगांमध्ये लांबी भरत, घासकागदाने घासत. टर्पेंटाइनचा वास माजघरापर्यंत जाई. मग अस्तर. अस्तर वाळेपर्यंत ते कुणाला हात लावू देत नसत, आणि आम्हाला तर हात लावण्याशिवाय दुसरं कामच नव्हतं.

आजीचं मत होतं की पांढऱ्यात थोडी नीळ घालावी. तेलाचा पांढरा रंग पुढे पिवळा पडतो, हे तिला ठाऊक होतं; धोतरांना ती तेच करायची. सुतारबाबा ऐकायचे नाहीत. “निळीनं बैल धुतल्यावानी दिसते, बाई. बैल का धुतला असते? बैल बसला असते, उठला असते.” असं म्हणून ते बोटाच्या टोकावर कंदिलाची काजळी घ्यायचे, जरा पिवडी घ्यायचे आणि डबा ढवळायचे. डब्यातला रंग मळका दिसायचा. आम्ही नाराज. पण तोच रंग नंदीच्या अंगावर चढला आणि दुपारचं ऊन पडलं की नंदी शेजाऱ्यांच्या पांढऱ्याफेक नंद्यांपेक्षा जिवंत दिसे. पोटाखाली आणि मांड्यांच्या आत ते आणखी एक काळसर हात देत. कुणी वाकून पाहणार नव्हतं तिथेही देत. शिंगांचा लाल शेवटून दुसरा. डब्यात तेलरंगच असायचा, पण ते त्याला हिंगूळच म्हणत. डोळे सगळ्यात शेवटी. तेव्हा आम्हाला अंगणातून घालवून देत, मी माळ्याच्या खिडकीतून पाहत असे: बदामाच्या आकाराचा काळा, तो पूर्ण वाळू द्यायचा, मग वरच्या बाजूला एकच पांढरा ठिपका. दोन्ही डोळ्यांत ठिपका एकाच बाजूला, कारण सूर्य एक. तो ठिपका पडला की मला नंदीपुढून जायला लाज वाटे. मग झूल, मठाट्या, घुंगुरमाळ. मग मैदान, आणि संध्याकाळी घरोघर बोजारा, म्हणजे पोळ्याची बक्षिसी, मागत फिरणं.

आताशा स्प्रे मारलेले, मोटारीसारखे चकचकीत नंदी दिसतात. मला ते आवडत नाहीत. जनावराच्या अंगाला चमक असते ती केसांची. व्हार्निशाची चमक डोळ्याला अंगावरून सरकवून देते, थांबू देत नाही. लहान मूर्तींना तर मॅटच हवा.

रंग निवडायचा तर मुलांसाठी आणखी एक गोष्ट पाहावी. जुने रंग देखणे होते आणि विषारी होते. हिंगुळात पारा, हरताळात सोमल, शेंदरात आणि जुन्या सफेद्यात शिसं. नंदीचं शिंग तोंडात घालणारं पोर प्रत्येक घरात असतं. १ नोव्हेंबर २०१७ पासून आपल्याकडे घरगुती रंगांत ९० पीपीएमपेक्षा जास्त शिसं चालत नाही. तेव्हा माळ्यावरचा जुना डबा पोरांच्या नंदीला वापरू नये. पाण्यात मिसळणारे ॲक्रिलिक बरे. दांडेकर बंधूंनी १९३१ साली मुंबईत सुरू केलेल्या कॅमलिनचे मिळतात, गावातल्या स्टेशनरीच्या दुकानातही. लाकडी नंदीला ते उत्तम. ट्यूबमधला रंग जरा जाड, त्यामुळे भाच्याच्या बारक्या बैलाला पाणी घालून फार पातळ करावा लागेल. बाटल्यांवरच्या काल्पनिक जगांच्या नावांपेक्षा मला ट्यूबवरचं ‘यलो ऑकर’ वाचायला आवडतं. ती पिवडीच आहे.

पांढऱ्याचा निकाल लागला तसा भाचा लालवर आला. भोसल्यांच्या शिपायाचं पागोटं लाल करू का? मी म्हटलं कर, पण इंग्रजी कोटाचा भडक लाल नको. त्या काळी आपल्याकडे आलच्या मुळांचा लाल होता. तीनेक वर्षं वाढलेल्या झुडपाची मुळं खणायची, त्यांच्या सालीत तुरटी देऊन सूत रंगवायचं. जाडाभरडा खारवा त्यातच लाल होई. १८६८-६९ मध्ये जर्मनीत अलिझरिन हा लाल रंग प्रयोगशाळेत तयार झाला आणि आलची शेती हळूहळू बसली. वर्ध्याला मगनवाडीत मगन संग्रहालयाच्या खादीला आजही वनस्पतींचे रंग देतात. लाल असा खाली बसलेला, शांत कसा असतो ते तिथे डोळ्यांनी बघता येतं. गंमत अशी की साध्या गोऱ्या शिपायाचा कोटही मुळांनीच रंगवलेला, मंजिष्ठेच्या विलायती भावंडाच्या; भडक किरमिजी लाल अधिकाऱ्यांना. आणि मंजिष्ठा आणि आल एकाच कुळातल्या. तेव्हा शिपायांसाठी दोन्हीकडे लालची एकच बाटली घे, म्हटलं; आपल्या बाजूला तीत तपकिरीचा एक थेंब जास्त टाक, आणि लोकरीपेक्षा सूत उन्हात लवकर विटतं, म्हणून पागोट्याच्या वरच्या घड्या थोड्या फिक्या ठेव.