टायरवरचे चार आकडे

१९५६ साली नवी राजधानी झाली तेव्हा नागपूरहून भोपाळला आलेल्या कुटुंबांतली आम्ही दुसरी पिढी. शिवाजी नगरात संध्याकाळी जमलो की विषय मोटारसायकलींचा. जुन्या गाड्यांचा पाच आकडी मीटर ९९,९९९ नंतर शून्यावर येतो. तेव्हा "गाडी नवी झाली, पेढे द्या" हा विनोद ठरलेलाच. टायरचा वाद मात्र मिटत नाही. पुढे लांब रेघांचा, मागे ठोकळ्यांचा, इतपत एकमत. "नक्षी शाबूत आहे, बदलायचा कशाला?" असे म्हणणारेच अधिक. परंतु रबर नुसते पडूनही कडक होते. गेल्या पावसाळ्यात श्यामला हिल्सच्या ओल्या उतारावर आमच्यातले एक स्नेही घसरले, मनगट मोडले. त्यानंतर विजेरी घेऊन आम्ही प्रत्येक टायरच्या कडेवरचे चार आकडे वाचले. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. त्यांचा निघाला २३११. म्हणजे २०११ चा तेविसावा आठवडा. तेव्हा आम्ही सारे नोकरीत होतो.